गोधडीचे दप्तर

संपादकांचे पत्र श्रावणात आले. 'दिवाळी अंकासाठी रत्नागिरीच्या इतिहासावर काही लिहा. मात्र घरातल्या थोरामोठ्यांपासून पोरांपर्यंत साऱ्यांना वाचता येईल असे लिहा,' एवढाच त्यात मजकूर. आता मी पडलो खेड्यातला शाळामास्तर. शालान्त परीक्षेपलीकडे पदव्यांच्या वाटेला कधी गेलो नाही, आणि सवड मिळेल तेव्हा कादंबऱ्या लिहितो. म्हणजे खोटे लिहिण्याचा मला सरावच. अशा माणसाकडे इतिहास मागायचा म्हणजे मांजराच्या हाती दुधाची राखण द्यायची!

तसा रत्नागिरीत इतिहासाला तोटा नाही. 1856 च्या जुलैत लोकमान्य येथे जन्मले. ब्रह्मदेशचा राजा थिबा याचे राज्य इंग्रजांनी 1885 साली जिंकले आणि 1886 मध्ये त्याला या गावी आणून ठेवले. तो 1916 साली येथेच वारला. त्याच्यासाठी सरकारने बांधलेला तीन मजली वाडा 1910 पासून खाडीकडे तोंड करून उभा आहे आणि आज तेथे वस्तुसंग्रहालय आहे. यांपैकी कशावरही लिहिले असते तर संपादक खूश झाले असते आणि माझेही काम हलके झाले असते. परंतु गेल्या पौषात आमच्याच परसात एक दप्तर उघडले गेले, आणि तेव्हापासून दुसरा कोणताही इतिहास माझ्या डोक्यात शिरायला तयार नाही.

हे दप्तर कागदाचे नव्हे. ती एक गोधडी होती.

आमच्या कोकणातली थंडी म्हणजे देशावरच्या माणसाला हसू यावे अशी. पण आम्हांला तिचे मोठे अप्रूप. आंब्याला मोहोर धरायचा तर पौषात दोनचार कडक रात्री पडल्याच पाहिजेत. म्हणून सकाळी दात वाजू लागले की आमचे बागायतदार खिन्न होण्याऐवजी हसतात. भात कापून, झोडून, कणगीत पडलेले असते. आंब्याची धांदल अजून दूर असते. बायकामाणसांच्या हाताला वर्षातून एकदा थोडी उसंत मिळते ती याच दिवसांत, आणि ती उसंत वाया जाऊ नये म्हणून त्या गोधड्या काढून बसतात. जुन्या असतील त्या उसवायच्या, फाटल्या असतील त्यांवर नवे लुगडे चढवायचे, आणि घरात पाळणा हलायचा असेल तर मऊ जुनेर शोधून दुपटे शिवायचे.

ही बैठक नेहमी मागील दारी भरते. कोकणातल्या घराला दोन जगे असतात. पुढचे खळे, ओटी, झोपाळा हे पुरुषांचे जग. मागची पडवी, विहीर, न्हाणी आणि परस हे बायकांचे, गुरांचे आणि पाखरांचे. पुढील दारी पाहुणा आला तर त्याला गूळपाणी देतात. मागील दारी येणाऱ्या पाहुण्यांना कुणी बोलवीत नाही, आणि ते जातही नाहीत. आमच्या परसात पोफळीच्या आगराला लागून जांभ्याचा गडगा आहे. दिवाळीच्या सुमारास त्यावर शेपटी नाचवीत धोबी पक्षी हजर होतो. तो आला की आई म्हणते, 'परीट आला, आता कपडे वाळत घालायला हरकत नाही, पाऊस गेला.' मागोमाग पिवळाजर्द हळद्या फणसावर शीळ घालू लागतो. भारद्वाज एखाद्या संस्थानिकासारखा सावकाश पावले टाकीत गवतातून जातो. मुंगूस गडग्याच्या एका भोकातून निघून दुसऱ्यात शिरते. रात्री कांडेचोर माडीच्या कौलांवरून अशा थाटात फिरतो की घरपट्टी त्यानेच भरली आहे असे वाटावे. दूर सड्यावर कोल्हे ओरडतात, आणि आमची सहावीतली लेक गोधडी नाकापर्यंत ओढून घेते.

तर पौषातल्या एका दुपारी आईने घरातली सर्वांत जुनी गोधडी पडवीत पसरली. ती इतकी जड की दोघांनी उचलावी लागे. मी लहानपणी तापात तिच्याखाली घाम काढला आहे. तिचा एक कोपरा खारीने कुरतडून आपल्या पिल्लांच्या अंथरुणासाठी नेला होता, आणि उरलेली गोधडी मात्र आमच्या पिल्लांच्या कामी यावी म्हणून आईने ती उसवायचे ठरवले होते. आईची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. 'या वर्षी झाली तर झाली,' ती म्हणाली, 'पुढच्या वर्षी मला सुईच्या नेढ्यात दोरा दिसायचा नाही.' सोबतीला शेजारच्या वाडीतल्या काकी आल्या. दोघींची मैत्री चाळीस वर्षांची, आणि ती सगळी याच पडवीत वाढलेली.

वाचकहो, गोधडी कशी शिवतात हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण शहरातल्या धाकट्या वाचकांसाठी सांगतो. सारवलेल्या जमिनीवर एक धड लुगडे ताणून अंथरतात. त्यावर जुनेराचे थर घालतात: धोतराचे तुकडे, परकर, सदऱ्याच्या पाठी, जे काही अंगाला घालण्यापलीकडे गेले आहे ते. वर पुन्हा एक लुगडे. चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि कच्चे टाके घालून सारे जागच्या जागी धरतात. मग काठापासून धावदोरा सुरू होतो. चौकटीच्या आत चौकट, तिच्या आत आणखी एक, असे करीत करीत हात मध्यावर येतो आणि तेथे शेवटची गाठ पडते. यात कापूस भरीत नाहीत. कापसाची दुलई किंवा लेप हे पिंजाऱ्याला पैसे देऊ शकणाऱ्यांचे काम. गोधडीला लागतात फक्त जुनी वस्त्रे आणि रिकामा हात. ती जुनी झाली की टाकून देत नाहीत, तिच्यावरच नवे कापड चढवतात. त्यामुळे शंभर वर्षांच्या घरातली गोधडी म्हणजे एकात एक तीनचार गोधड्या असतात. नवी वर आणि जुनी पोटात.

आई आणि काकी ब्लेडने टाके उसवीत होत्या, लेक निघालेले दोरे गोळा करीत होती, आणि मी शाळेच्या वह्या तपासण्याचे सोंग करीत ऐकत होतो.

पहिला थर ओळखीचा होता. आईच्याच दोन साड्या, एक नायलॉनची आणि एक पॉलिस्टरची. दोन्हींचे रंग अजून जशाच्या तसे! त्यांखाली आजीची सुती नऊवारी लुगडी आणि आजोबांचे धोतर निघाले. धोतराच्या टोकाला गिरणीचा जांभळा शिक्का पुसट दिसत होता. काकींनी तो बोटाने चाचपला. 'मुंबयचा कापड,' त्या म्हणाल्या आणि थोडा वेळ गप्प राहिल्या.

त्या गप्प का राहिल्या ते मला कळले. 1854 साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. त्यानंतर अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशांतून आणि त्यानंतरच्या धंद्यातून गिरण्यांची धुराडी उभी राहिली. ती धुराडी चालवायला माणसे गेली ती मोठ्या संख्येने आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातून. आगबोटीत बसून पुरुष जात, बायका मागे राहत. शेत, सासू, गुरे आणि मुले सांभाळीत. महिन्याला मनीऑर्डर येई आणि शिमग्याला, गणपतीला माणूस येई, तेव्हा ट्रंकेत एखादे लुगडे असे. म्हणजे कोकणाने गिरण्यांना माणसे दिली आणि गिरण्यांनी कोकणाला कापड दिले. ते कापड आधी अंगावर वापरले, मग त्याला दांड घातले, मग त्याची लंगोटी-फडकी झाली, आणि अखेर ते गोधडीत गेले. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मिटला असे कधी झालेच नाही, गिरण्याच मिटल्या. काकींचे यजमान त्याच संपात घरी परतले ते एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. त्या वळकटीत काकींनीच शिवलेली गोधडी होती. 'गेली तेव्हा नवी व्हती, आली तेव्हा तिची चाळण,' काकी म्हणाल्या. गिरणगावच्या संपावर मोठमोठी पुस्तके झाली आहेत. पण चाळीतल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पंधरा-वीस माणसांच्या अंगाखाली कोणत्या गावच्या गोधड्या होत्या, हे त्या गोधड्या शिवणारणींनाच ठाऊक.

त्याच्या खालचा थर निघाला तो जाडाभरडा आणि करकरीत. आई म्हणाली, 'हे कंट्रोलचे. सासूबाई सांगायच्या, लढाईत कापड मिळेना.' दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या गरजेने आणि साठेबाजांच्या कृपेने कापड बाजारातून नाहीसे झाले. 1943 साली सरकारला कापडाच्या आणि सुताच्या किमतींवर नियंत्रण आणावे लागले. आजी त्या सुमारास या घरात सून म्हणून आली. तिच्या नव्या संसाराची पहिली गोधडी म्हणजे हीच आतली गोधडी. तिच्यात तिने लढाईतले ते कापडही वाया जाऊ दिले नव्हते.

मी वह्या बाजूला ठेवल्या आणि पडवीत येऊन बसलो. मला आमच्या इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण झाली. वि. का. राजवाड्यांनी गावोगावचे माळे आणि अडगळी धुंडाळून जुने कागद मिळवले आणि 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांचे 22 खंड छापले. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या गठ्ठ्यांना 'रुमाल' असेच म्हणतात. किती गंमत पाहा! रुमाल सोडायचा, आतला कागद वाचायचा आणि रुमाल बाजूला ठेवायचा, ही आमची इतिहासाची रीत. कागदावर लिहिणारे पुरुष होते. ज्यांच्या हाती दौत-टाक कधी आला नाही, त्यांच्या हाती सुई मात्र होती. त्यांचा मजकूर रुमालातच असणार.

आणि मग मधला थर निघाला.

दोन कंट्रोलच्या कापडांच्या बरोबर मध्ये, चौकोनी घडी घालून, चहूबाजूंनी बारीक टाके मारून, एक वेगळेच वस्त्र ठेवलेले होते. ते काठ-पदर नसलेले, रंगाने तांबडे. विटून विटून त्याचा रंग जांभ्याच्या चिऱ्यासारखा झाला होता. लेक म्हणाली, 'आजी, हे लाल काय गं?' आईने हात मागे घेतला. थोड्या वेळाने ती म्हणाली, 'आलवण आहे.'

आजच्या मुलामुलींना हा शब्द माहीत नसेल, आणि नसावा हेच बरे. आमच्या ब्राह्मण घरांतून नवरा मेलेल्या बाईचे केस काढीत आणि तिला तांबडे, बिनकाठांचे जाड लुगडे नेसायला देत. ते आलवण. मग ती बाई नऊ वर्षांची असो की साठ वर्षांची. एक वेळ जेवायचे, मंगल कार्यात समोर यायचे नाही, सकाळी बाहेर जाणाऱ्याच्या दृष्टीस पडायचे नाही. माजघर आणि परस एवढेच तिचे राज्य.

'कुणाचे?' मी विचारले.

'आत्याबाईंचे असणार. तुझ्या आजोबांच्या आत्या. मी त्यांना पाहिलेले नाही. सासूबाई एकदाच काय ते बोलल्या होत्या. नऊ वर्षांच्या असताना परत आल्या आणि देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात गेल्या.'

मी मनाशी हिशेब केला. म्हणजे सुमारे 45 वर्षे! थिबा राजाचा बंदिवास 30 वर्षांचा. त्याला सरकारने पेन्शन दिले, वाडा बांधून दिला, आणि आज आम्ही शाळेच्या सहली नेऊन मुलांना त्याची खोली दाखवतो. आमच्या घरात त्याच्याहून पंधरा वर्षे अधिक काळ एक बंदिवान राहून गेली, आणि चाळिशी उलटेपर्यंत मला तिचा पत्ता नव्हता.

मी आमचा कुलवृत्तांत काढला. कोकणस्थांच्या घराण्यांनी असे ग्रंथ मोठ्या हौसेने छापलेले आहेत. कोण कोठून आला, कोणाला किती मुलगे, कोणी कोणती सनद मिळवली, सारे त्यात सापडते. पणजोबांचे नाव होते, त्यांच्या भावांची होती, त्यांना मिळालेल्या नोकऱ्या होत्या. आत्याबाई नव्हत्या. लेक असली तर तिची नोंद सासरच्या घराण्यात व्हायची. सासरच्यांनी तर तिला परत धाडलेले. दोन घराण्यांच्या दोन वंशवेलींच्या मधल्या फटीत ती पडून गेली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि त्याचे कारण इतिहासच होता. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा 1856 च्या जुलैत झाला; म्हणजे लोकमान्य जन्मले त्याच महिन्यात. आत्याबाई जन्मण्याआधी तो कायदा होऊन पुरी पिढी उलटली होती. आमच्याच जिल्ह्यातल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली स्वतः एका विधवेशी लग्न केले. त्यासाठी गावाने त्यांच्या घरावर बहिष्कार घातला. तरी ते हटले नाहीत. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, 1900 मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला, आणि तेथे अशाच मुली शिकून शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. पुढे 1958 साली याच कर्व्यांना शंभराव्या वर्षी 'भारतरत्न' मिळाले. म्हणजे वाट होती. ती आमच्या जिल्ह्यातूनच निघालेली होती. आमच्या खापरपणजोबांच्या घरी वर्तमानपत्र येत असे, पंचक्रोशीत ते शहाणे गणले जात. आश्रमाची वार्ता त्यांच्या कानी गेली नसेल हे संभवत नाही. तरीही त्यांनी नऊ वर्षांच्या लेकीला तिकडे पाठवले नाही, आलवण आणून दिले. मी शाळेत दरवर्षी कर्व्यांचा धडा शिकवतो आणि 'गावाने बहिष्कार घातला' या वाक्याशी थोडा आवाज चढवतो. त्या वाक्यातला 'गाव' म्हणजे आमच्यासारखीच घरे, हे मला तोवर सुचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकी आल्या तेव्हा त्यांना मी सारे सांगितले. त्यांना नवल वाटले नाही.

'मास्तर, माजी सासू सांगायची ना त्यांचा. ह्याच परसवात बसायच्या त्या. माज्या सासूला टाका त्यांनीच शिकवला.'

मी चकित झालो. आमच्या घरी त्या काळी कडक सोवळेओवळे. वाडीतली कुणब्याची सून आणि सोवळ्यातली विधवा एकत्र बसतील कशा? त्यावर आईनेच खुलासा केला. सुती कापड कुणाच्याही स्पर्शाने ओवळे होते. आणि गोधडी तर सगळ्यांच्या अंगावरून उतरलेल्या कापडांची. तिला सोवळे कुठले? दुपारची जेवणे उरकली, सोवळे सुटले, की चार कोपऱ्यांवर चार बायका बसू शकत. ज्या दोघींना पुढील दारी मज्जाव, एकीला नशिबाने आणि दुसरीला जातीने, त्या मागील दारी एका गोधडीच्या दोन टोकांनी शिवायला सुरुवात करून मध्यावर भेटत. माझ्या काकींच्या हाताला जो टाका आहे तो आमच्याच घरातला आहे, आणि माझ्या आईने तो काकींकडून उचलला आहे. म्हणजे आत्याबाईंचा वंश अगदीच खुंटला असे नाही.

'आनि पाखरा लई त्यांच्याकडं,' काकी पुढे म्हणाल्या. एक वेळच्या जेवणातला भात बाजूला काढून त्या गडग्यावर ठेवीत. खार त्यांच्या पदरावर चढत असे. मुंगसाला त्यांनी नाव ठेवले होते. कोणता पक्षी कधी येतो, कधी जातो, हे त्यांना तिथीनुसार पाठ होते, आणि 'परीट आला, पाऊस गेला' हे आईचे वाक्य आजीकडून आले, आणि आजीकडे आले ते बहुधा त्यांच्याकडूनच. पोरी-बाळींनी भरलेल्या घरात ज्या बाईच्या हाती कुणी पहिले मूल देत नव्हते, तिच्याकडे परसातली सारी लेकरे होती.

यात मी काही फार मोठे शोधले असे नाही. चिंध्या जोडून पांघरूण करण्याची कला जगभर आहे, आणि जेथे जेथे ती आहे तेथे तेथे ती मागील दारीच वाढली आहे. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या रानांत सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचे हे वंशज. त्यांच्या बायका 'कवंद' नावाच्या गोधड्या शिवतात, आणि चार कोपऱ्यांना कापडाची फुले लावल्याखेरीज गोधडी पुरी झाली असे मानीत नाहीत. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथल्या काळ्या बायका म्हणजे कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या लेकी-नाती. त्यांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या 2002 साली मोठ्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि 2006 मध्ये त्यांची टपालतिकिटेही निघाली. बंगालची कांथा तर सर्वश्रुत आहे.

आणि चिंध्यांच्या वस्त्राला आपल्याकडे एक थोर कुळही आहे. भगवान बुद्धाने भिक्षूंना टाकून दिलेल्या फडक्यांची चीवरे वापरण्याची मुभा दिली होती. मगधातली बांधबंदिस्ती केलेली शेते पाहून त्याने आनंदाला त्याच धर्तीवर तुकडे जोडून चीवर करायला सांगितले, असे विनयपिटकात आले आहे. आमच्या दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी येथे 29 लेणी आहेत. तेथे आधी बौद्ध भिक्षू राहत आणि पुढे नाथपंथी आले. नाथजोग्याच्या अंगावरही कंथाच असते. पहिल्यांचे चीवर, दुसऱ्यांची कंथा! एकाच डोंगरात दोन पंथांच्या गोधड्या वावरल्या. परवापरवाचे उदाहरण घ्यायचे तर गाडगेबाबांचे. 1956 साली ते गेले, तोवर चिंध्यांच्या वस्त्राने महाराष्ट्रभर हिंडले आणि लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत. फरक एवढाच, की या थोरांनी चिंध्या स्वतः होऊन पांघरल्या आणि म्हणून जगाने त्यांना हात जोडले. आत्याबाईंना कुणी विचारलेच नव्हते.

आता गोधडीचे पुढे काय झाले ते सांगून तुम्हांला फराळाला मोकळे करतो.

मला वाटत होते की आलवण आता आत ठेवू नये, सर्वांत वर घालावे. सगळ्यांना दिसू दे. कादंबरीकाराच्या डोक्यात असलेच काही येणार! आईने वस्त्र उजेडाकडे धरले. ते इतके झिरझिरीत झाले होते की त्यातून गडग्यावरची खार दिसत होती. 'वर घातले तर दोन पावसाळ्यांत विरून जाईल,' आई म्हणाली. 'सासूबाईंनी मध्ये घातले ते लपवायला नव्हे रे. मधला थर सगळ्यांत जास्त टिकतो.'

मी निरुत्तर झालो. लढाईच्या टंचाईत, चिंधीचिंधीचा हिशेब असताना, आजीने ते वस्त्र फाडून फडकी केली नव्हती की न्हाणीत वापरले नव्हते. घडी घालून, चहूबाजूंनी टाके मारून, तिने ते आपल्या पहिल्या गोधडीच्या पोटात ठेवले आणि तिच्यावर आपली मुले निजवली. ज्या बाईच्या दर्शनाला घर भीत होते, तिच्या वस्त्राच्या उबेत घरातल्या पुढच्या तीन पिढ्या वाढल्या. हे आजी कधी बोलली नाही. तिने ते शिवून ठेवले.

आईने आलवण पुन्हा मध्येच घातले. पण यावेळी एक केले. वरच्या लुगड्यावर, आतल्या घडीच्या बरोबर कडेने, तिने तांबड्या दोऱ्याने एक चौकट काढली. पहिल्या बाजूचे टाके आईचे, दुसऱ्या बाजूचे काकींचे, आणि तिसऱ्या बाजूचे वेडेवाकडे टाके आमच्या लेकीचे. चौथी बाजू मला दिली. चाळिशी उलटलेल्या मास्तराने आयुष्यात प्रथमच धावदोरा घातला, तीनदा बोटाला टोचून घेतले आणि काकींकडून हसू करून घेतले. कुलवृत्तांताच्या आमच्या प्रतीतही मी पणजोबांच्या नावाशेजारी शाईने लिहिले आहे: 'एक बहीण. नऊ वर्षांची असता विधवा होऊन माहेरी राहिली. उत्तम गोधड्या शिवीत असे. पक्ष्यांची जाणकार.' नाव लिहायचे म्हणून जागा सोडली आहे. ते कुणालाच आठवत नाही. आईला, काकींना, गावातल्या सर्वांत वृद्ध माणसालाही त्या 'आत्याबाई' म्हणूनच ठाऊक.

आणखी एक छोटी गोष्ट. उसवलेले जुने दोरे लेकीने गोळा करून गडग्यावर ठेवले होते, आत्याबाई भात ठेवीत तेथेच. पावसाळ्यात परसातल्या अंजिराच्या दोन पानांआड शिंपी पक्ष्याचे घरटे सापडले. हा पक्षी बोटभर लांब, पण आवाज केवढा! किपलिंगच्या मुंगसाच्या गोष्टीतला 'दर्जी' तो हाच, आणि शास्त्रज्ञांनीही त्याच्या लॅटिन नावात शिवणाऱ्याचाच शब्द घातला आहे. पानाच्या कडांना चोचीने भोके पाडून तो त्यांतून कापूस, कोळ्याचे जाळे किंवा मिळेल तो धागा ओवतो, आणि त्याचे टोक विस्कटले की ते भोकात घट्ट बसते. गाठ मारावी लागत नाही. आमच्या घरट्यात कापसाच्या पांढऱ्या टाक्यांमध्ये दोन टाके निराळे होते. त्यांचा रंग जांभ्याच्या मातीसारखा.

लेकीने मला हाताला धरून ते दाखवायला नेले आणि कुजबुजत विचारले, 'बाबा, हे आत्याबाईंचे ना?'

पुरावा नाही, हे इतिहासाच्या मास्तराने सांगायला हवे होते. मी 'हो' म्हटले.